पहारा आणि राखण

समजा, एका रविवारी उपासना सुरू होण्यापूर्वी चर्चच्या दाराशी एक मनुष्य येऊन उभा राहतो. काही वर्षांपूर्वी तो ह्याच मंडळीचा सभासद होता. गायनमंडळात गात असे, नाताळच्या नाटकासाठी मुलांची तयारी करून घेत असे. मग एके दिवशी पोलिस आले, त्याचा संगणक व मोबाइल घेऊन गेले आणि त्यांत लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे सापडली. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. त्याने शिक्षा भोगली आणि आता तो परत आला आहे. तो एवढेच विचारतो, "मला आत येऊ द्याल का?"

हा प्रसंग कल्पिलेला आहे, परंतु तो अशक्य आहे असे कोणी समजू नये. ज्या पापासाठी पूर्वी अंधाऱ्या खोल्या आणि दूरचे प्रवास लागत, ते आज हातातल्या यंत्रावर घडते, आणि ते यंत्र आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. अशा वेळी मंडळीच्या पंचांत दोन मते पडतील. एक पंच म्हणतील, "अशा माणसाला उंबरठाही ओलांडू देऊ नये." दुसरे म्हणतील, "देवाने ज्याला क्षमा केली त्याला अडवणारे आपण कोण?" दोघांच्याही हाती पवित्र शास्त्र आहे. पहिले जात्याच्या तळीची आठवण देतात, दुसरे उधळ्या पुत्राची. आणि माझ्या मते दोघेही घाई करतात.

हा प्रश्न एकट्या मंडळीचा नाही. निरनिराळ्या देशांतील न्यायालये गेली कित्येक वर्षे ह्याच दाराशी उभी आहेत. अशा गुन्हेगाराला शिक्षा किती द्यावी, ती संपल्यावर त्याच्यावर नजर किती काळ ठेवावी, आणि नजर ठेवायची ती नेमकी कशासाठी, हे त्यांच्यापुढचे प्रश्न आहेत. त्यांनी काय करून पाहिले, कोठे चुकले आणि कोठे सावरले हे समजून घेतले, तर आपल्यालाही उत्तराची दिशा सापडेल.

जे जळत नाही

1991 साली गोव्यात मडगाव येथे अनाथाश्रम चालवणाऱ्या एका वयस्क माणसाला अटक झाली. अनाथ मुलांचा कैवारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या माणसाजवळ मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारी छायाचित्रे आणि निगेटिव्ह मोठ्या संख्येने सापडली. 1996 साली त्याला जन्मठेप झाली आणि पुढे तो तुरुंगातच मरण पावला. धर्मादायाच्या पांघरुणाखाली काय लपू शकते हे त्या खटल्याने आपल्याला दाखवून दिले, आणि ते विसरणे आपल्याला परवडणारे नाही. तरीही त्या काळी निदान एवढे म्हणण्याची सोय होती की छायाचित्रे जप्त झाली, कपाट रिकामे झाले, आता ती जाळून टाकता येतील.

आज ती सोय उरलेली नाही. चित्र एकदा आंतरजालावर गेले की त्याच्या किती प्रती कोणत्या देशात कोणाजवळ आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. मूल मोठे होते, शाळा संपवते, लग्न करते, आई होते. चित्रातले मूल मात्र त्याच वयाचे राहते आणि त्याच्यावरचा अत्याचार रोज नव्या डोळ्यांपुढे नव्याने घडत राहतो. ह्या गुन्ह्याचे वेगळेपण येथे आहे. चोरीचा माल परत करता येतो, जखम भरून येते. ह्या गुन्ह्याला मात्र शेवटचा दिवस नसतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी दिलेला निकाल ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तामिळनाडूतील एका तरुणाच्या मोबाइलमध्ये अशा दोन चित्रफिती सापडल्या होत्या. खासगीत नुसते पाहणे हा गुन्हा होत नाही, अशी भूमिका घेऊन मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत त्याच्यावरील खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. असे साहित्य जवळ ठेवणे, ते नष्ट न करणे आणि त्याची माहिती न कळवणे ह्यांवरून ते पुढे पाठवण्याचा हेतू ताडता येतो, असे न्यायालयाने पॉक्सो कायद्याच्या कलम 15 चा अर्थ लावताना सांगितले. त्याचबरोबर न्यायालयाने एका शब्दाला हरकत घेतली. ह्या साहित्याला 'बाल अश्लीलता' म्हणू नये. ते बालकांचे लैंगिक शोषण आणि अत्याचार दर्शवणारे साहित्य आहे आणि त्याला तसेच म्हणावे, असे त्याने बजावले.

शब्दाचा हा आग्रह क्षुल्लक नाही. 'अश्लील' म्हटले की प्रश्न पाहणाऱ्याच्या अभिरुचीचा होतो. 'अत्याचार' म्हटले की समोर एक मूल उभे राहते. "मी कोणाला हात लावला नाही, मी केवळ पाहिले," हा बचाव अभिरुचीच्या प्रदेशात टिकतो, अत्याचाराच्या प्रदेशात टिकत नाही. कारण पाहणारे आहेत म्हणून दाखवणारे आहेत. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने डोळ्याच्या पापाची गणना हृदयाच्या पापात केली आहे. परंतु येथे कायदा मनातल्या वासनेला शिक्षा करत नाही, तो त्याचा अधिकारही नाही. ज्या चित्रासाठी एक खरे मूल भरडले गेले, त्या चित्राचा गिऱ्हाईक होण्याला तो शिक्षा करतो.

मोजणे आणि तोलणे

मग शिक्षा किती? येथे अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील संघराज्याच्या न्यायालयांसाठी शिक्षेची मार्गदर्शक कोष्टके आहेत. मूळ गुन्ह्याला ठरावीक अंक, आणि मग एकेका गोष्टीसाठी त्यांत भर. संगणक वापरला असेल तर दोन अंक. चित्रातील मूल बारा वर्षांखालील असेल तर दोन अंक. चित्रांची संख्या जशी वाढेल तशी भर वाढते आणि सहाशेवर गेली की पाच अंक. प्रत्येक चित्रफीत पंचाहत्तर चित्रांबरोबर धरली जाते. ह्या सर्वांची बेरीज होऊन तुरुंगातील महिन्यांची संख्या निघते.

ही व्यवस्था जेव्हा घडत होती, तेव्हा संगणक वापरणारा गुन्हेगार विरळा होता आणि म्हणून अधिक धोक्याचा समजला जाई. आज संगणकावाचून हा गुन्हा घडतच नाही. तेथील शिक्षा आयोगाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसते की 2019 ह्या वर्षी, स्वतः चित्रे तयार न केलेल्या अशा गुन्हेगारांपैकी 95 टक्क्यांहून अधिकांना संगणकाच्या वापराबद्दल आणि मुलाच्या कोवळ्या वयाबद्दल ही भर लागली होती. जी भर जवळजवळ सर्वांनाच लागते, ती अधिक वाईट आणि कमी वाईट ह्यांत भेद कसा करणार? 2010 साली तेथील एका अपील न्यायालयाने स्पष्ट म्हटले की हे कोष्टक काळजीपूर्वक न वापरल्यास त्यातून अवाजवी शिक्षा निघू शकतात. आता पुष्कळ न्यायाधीश कोष्टकापेक्षा कमी शिक्षा देतात. आणखी एक विसंगती पाहा. असे साहित्य 'स्वीकारणे' ह्या गुन्ह्याला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास सक्तीचा आहे. नुसते 'जवळ बाळगणे' ह्याला तशी किमान शिक्षा नाही. परंतु आंतरजालावरून जे जवळ आले ते स्वीकारल्यावाचून कसे आले?

आपल्याकडे तराजूचा काटा वेगळ्या ठिकाणी आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम 15 मध्ये 2019 साली दुरुस्ती झाली आणि हेतूनुसार तीन पायऱ्या केल्या गेल्या. पुढे देण्याच्या हेतूने साठवले आणि नष्ट केले नाही वा कळवले नाही, तर पहिल्या गुन्ह्याला किमान पाच हजार रुपये दंड; पसरवण्यासाठी साठवले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड; व्यापारासाठी साठवले तर आणखी कडक शिक्षा. ह्याखेरीज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब प्रमाणे असे साहित्य गोळा करणे, शोधणे वा उतरवून घेणे ह्यासाठी पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एका देशात चित्रे मोजली जातात, दुसऱ्यात हेतू तोलला जातो. दोन्ही आवश्यक आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. चित्रे मोजत बसले की मूल संख्येत हरवते. हेतू तोलत बसले की आपण गुन्हेगाराच्या मनात डोकावत राहतो आणि मुलाकडे पाठ होते. न्यायाधीशाला एका हाताने मोजावे आणि दुसऱ्या हाताने तोलावे लागते. आणि एवढे करूनही जे नुकसान झाले त्याच्या मापाची शिक्षा त्याच्या हाती नसते, हे त्याला ठाऊक असते.

मुलीची दिनदर्शिका

अमेरिकेत 'एमी' ह्या टोपणनावाने ओळखली जाणारी एक मुलगी आहे. आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या मामा-काकांच्या नात्यातील माणसाने तिच्यावर अत्याचार केले आणि त्यांची चित्रे काढली. त्याला शिक्षा झाली, मुलगी उपचारांनी सावरू लागली. सतराव्या वर्षी तिला कळले की आपली ती चित्रे आंतरजालावर सर्वत्र फिरत आहेत. जखम पुन्हा उघडली, आणि ह्या वेळी जखम करणाऱ्यांची गणती नव्हती.

अशांपैकी एका माणसाजवळ तिची दोन चित्रे सापडली. तिने त्याच्याकडे आपल्या एकूण नुकसानीची, म्हणजे सुमारे चौतीस लाख डॉलरांची भरपाई मागितली. तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे 2014 साली प्रश्न आला तो असा: हजारो लोकांनी मिळून केलेल्या इजेपैकी एकाच्या वाट्याला किती यावी? न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की प्रत्येकाने इजेतील आपल्या वाट्याच्या प्रमाणात द्यावे. सगळा भार एकावर नको, आणि नाममात्र रक्कमही नको. परंतु वाटा मोजणार कसा ह्याचे समाधानकारक उत्तर त्या निकालात नव्हते. 2018 साली तेथील संसदेने कायदा करून प्रत्येक अशा गुन्हेगाराकडून किमान तीन हजार डॉलर वसूल करण्याची तरतूद केली. त्या कायद्याला तिचे आणि तिच्यासारख्या आणखी दोघांचे टोपणनाव दिलेले आहे.

हे वाचताना मला जक्कयाची आठवण होते. प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा जक्कयाने आधी क्षमेची पावती मागितली नाही. तो उभा राहिला आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे बोलला. त्याच्या पश्चात्तापाला हिशेबाची वही होती. आपल्या पॉक्सो कायद्यातही विशेष न्यायालयाला शिक्षेबरोबरच मुलासाठी भरपाई देण्याचा अधिकार आहे. परंतु आपल्या चर्चेत तो भाग क्वचितच येतो. आपण गुन्हेगाराला किती वर्षे मिळाली हे विचारतो. मुलीला काय मिळाले हे विचारत नाही.

आणि येथेच ह्या प्रश्नाची गाठ आहे. गुन्हेगाराच्या दिनदर्शिकेत सुटकेची तारीख असते. मुलीच्या दिनदर्शिकेत ती नसते. मग त्याची शिक्षा संपणे हाच अन्याय नव्हे काय? क्षणभर तसे वाटते खरे. परंतु जी शिक्षा कधीच संपत नाही, ती भोगणाऱ्याला पालटण्याचे कारण देत नाही. आणि ज्याच्यापाशी पालटण्याचे कारण उरले नाही, तो दुसऱ्या मुलांसाठी अधिक धोक्याचा होतो. म्हणून शिक्षेला शेवट हवा. जबाबदारीला मात्र शेवट असलाच पाहिजे असे नाही. त्या मुलीला जन्मभर सावध राहावे लागते. त्यानेही जन्मभर सावध राहावे, ही मागणी सुडाची नव्हे, वाटणीची आहे.

तुरुंगाबाहेर

अमेरिकेत अशा गुन्हेगाराची कैद संपली की देखरेखीचा काळ सुरू होतो. हा काळ कायद्याने किमान पाच वर्षांचा असून जन्मभरापर्यंतही ठेवता येतो. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे नियमित हजेरी, मानसोपचार, संगणकाची तपासणी, मुलांशी संपर्कावर बंधने अशा अटी न्यायाधीश घालू शकतात. प्रश्न असा येतो की अटी कोठपर्यंत?

नॉर्थ कॅरोलायना राज्याने 2008 साली कायदा केला की लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीने, लहान मुले ज्यांचे सभासद होऊ शकतात अशा समाजमाध्यमांवर पाऊल ठेवणे हाच गुन्हा समजावा. 2010 साली अशा एका माणसाने फेसबुकवर काही मजकूर लिहिला. वाहतुकीच्या नियमभंगाचा त्याच्यावरचा एक खटला रद्द झाला होता आणि त्या आनंदात त्याने देवाची स्तुती करून प्रभू येशूचे आभार मानले होते. एवढ्यावरून त्याला दोषी ठरवण्यात आले. त्याचा मूळ गुन्हा 2002 सालचा, एका तेरा वर्षांच्या मुलीच्या संदर्भातील, आणि गंभीर होता. मात्र त्याची शिक्षा त्याने केव्हाच पुरी केली होती. 2017 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'पॅकिंगहॅम विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना' ह्या निकालात तो कायदा एकमताने रद्द ठरवला. मुलांशी संधान बांधण्यास मनाई करणारे नेमके कायदे राज्याला करता येतील. परंतु आजच्या जगात जेथे माणसे बातम्या वाचतात, काम शोधतात, बोलतात, तो सारा चौकच एखाद्याला बंद करणे ही अतिव्याप्ती आहे, असा त्याचा आशय होता.

इंग्लंडमधील अपील न्यायालयानेही 2011 साली असाच विचार मांडला. आंतरजालावर सरसकट बंदी घालणे आजच्या जीवनात अव्यवहार्य आणि प्रमाणाबाहेरचे आहे. त्याऐवजी त्याने आपल्या यंत्रावरील वापराची नोंद पुसू नये आणि पोलिसांनी मागितल्यास ती दाखवावी, अशी अट पुष्कळदा पुरेशी ठरते. ही अट दिसायला सौम्य, पण फार शहाणपणाची आहे. ती दार बंद करत नाही; दार उघडे ठेवून आत दिवा लावून ठेवते.

ह्या अटींची गरज किती, हे आकडेही सांगतात. वर उल्लेखिलेल्या आयोगाने 2015 साली सुटलेल्या वा परिवीक्षेवर सोडलेल्या 1,093 अशा गुन्हेगारांचा मागोवा घेतला. तीन वर्षांत त्यांपैकी 27.6 टक्क्यांना कोणत्या ना कोणत्या कारणाने पुन्हा अटक झाली. लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झालेले 4.3 टक्के होते. हे आकडे दोन्ही पक्षांना नम्र करणारे आहेत. "असा माणूस कधीच सुधारत नाही," हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही. पण हे पकडल्या गेलेल्यांचे आकडे आहेत; आणि शंभरातल्या चार-पाच माणसांमागे किती मुले असतील, हा विचार मनात आणला तर निर्धास्त राहता येत नाही.

आपल्या देशात 20 सप्टेंबर 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली असून ती पोलिसादी यंत्रणांनाच पाहता येते. परंतु नोंद म्हणजे देखरेख नव्हे. कैद संपल्यावर वर्षानुवर्षे भेटत राहणारा अधिकारी, सक्तीचे उपचार, यंत्राची तपासणी अशी सांगोपांग व्यवस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही. 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांना आधार देण्याबरोबरच गुन्हेगारांसाठी समुपदेशन व पुनर्वसनाचे कार्यक्रम असावेत अशी सूचना केली, ती ह्यामुळेच. तोवर काय? तुरुंगाचे दार उघडते आणि तो माणूस आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीत परत येतो. त्याचा राखणदार कोण? काइनाने देवाला उलट विचारलेला प्रश्न असा पुन्हा आपल्या पुढ्यात येतो.

शरणपुराचा तट

नाशिकच्या शरणपूरचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना परिचित आहे. मोशेच्या नियमशास्त्रात सहा शरणपुरे नेमून दिलेली होती. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला, त्याने तेथे पळून जावे. रक्ताचा सूड घेणाऱ्याला तेथे त्याला स्पर्श करता येत नसे. परंतु नगराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले तर ते संरक्षण संपत असे. प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याने तेथेच राहावे असा नियम होता. म्हणजे तो एकच तट त्याला सुडापासून वाचवत होता आणि त्याच्या हालचालींना बांधतही होता. त्याचे संरक्षण आणि त्याचे बंधन ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

ही तुलना पुरती जुळत नाही हे मला मान्य आहे. शरणपुरे नकळत घडलेल्या वधासाठी होती. बुद्ध्या वध करणाऱ्याला तेथे थारा नव्हता. आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो गुन्हा नकळत घडत नाही. आणखी एक आक्षेप ह्याहून खोल आहे. कोणी म्हणेल, "आपला प्रमुख याजक कालवरीवर मरण पावला, मग आता कोणत्या तटाची गोष्ट करता? विश्वासणाऱ्याला मोकळे करा." ह्याला माझे उत्तर असे. ख्रिस्ताच्या मृत्यूने पापी मनुष्य देवाच्या दंडातून सुटतो, आणि आपल्या सुडातूनही सुटावा. परंतु त्या मृत्यूने मुले कमी कोवळी झालेली नाहीत. नाथानाच्या तोंडून दावीदाला क्षमा मिळाली. तरी त्याच्या कृत्याचे परिणाम त्याच्या घरात राहिले. क्षमा ही देणगी आहे, ती एका क्षणात देता येते. विश्वास हे पीक आहे. ते ऋतू पाहून येते आणि काही जमिनींत काही पिके पुन्हा कधीच घ्यायची नसतात. दारूच्या व्यसनातून मुक्त झालेल्या भावाला आपण प्रभुभोजनाला बोलावतो, पण त्याला दारूच्या गुत्त्याची किल्ली देत नाही. आणि त्यामुळे त्याची क्षमा उणी झाली असे कोणी समजत नाही.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: पहारा आणि राखण. पहारा तुरुंगावर असतो. राखण शेताची, गुरांची, लेकरांची असते. पहारेकऱ्याला कैदी पळू नये एवढेच पाहायचे असते. राखण करणाऱ्याला जे राखायचे ते प्रिय असते. न्यायालये ज्या देखरेखीच्या शोधात चाचपडत आहेत, ती उत्तम स्वरूपात पहारा नसून राखण आहे: आधी मुलांची, आणि मग त्या माणसाचीही, त्याच्या स्वतःपासून.

चार-सहा माणसांचे वर्तुळ

हे नुसते बोलणे नाही. 1994 साली कॅनडातील हॅमिल्टन शहरात मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. तो पुन्हा गुन्हा करील अशी भीती असल्यामुळे शहरात खळबळ उडाली. शिक्षा पूर्ण झाल्यामुळे कायद्याची देखरेखही त्याच्यावर नव्हती. तेव्हा एका मेनोनाइट पाळकाने आपल्या लहानशा मंडळीतील काही माणसांना गोळा करून त्याच्याभोवती एक वर्तुळ तयार केले. ते त्याला वरचेवर भेटत, त्याला घर व जेवण मिळते की नाही ते पाहत, पोलिसांशी व शेजाऱ्यांशी बोलत, आणि त्याला तोंडावर कठीण प्रश्न विचारत. पुढे अशी वर्तुळे कॅनडात इतरत्र आणि मग इंग्लंडमध्येही उभी राहिली; अशा वर्तुळांत राहिलेल्या माणसांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कमी असल्याचे नंतरच्या अभ्यासांत आढळले. त्यांच्या कामामागचा विचार दोन वाक्यांत सांगता येतो: ह्यापुढे कोणाचाही बळी जाता कामा नये, आणि कोणीही माणूस टाकून देण्याजोगा नाही. ही दोन वाक्ये एकत्र म्हणता येतात, हे त्या लहानशा मंडळीने दाखवून दिले.

आता आपल्या दाराकडे वळू. पहिली गोष्ट, बळी ठरलेले मूल वा त्याचे कुटुंब ह्याच मंडळीत असेल तर त्या माणसाने दुसरीकडे उपासनेला जावे. स्थलांतराचा भार त्याने घ्यावा, त्यांनी नव्हे. एखादी आई आपल्या लेकीला घेऊन मागच्या बाकावर सरकली, तर आपण न्याय केला असे म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट, मुलांचे कोणतेही काम त्याच्याकडे पुन्हा कधीही नसावे: रविवारची शाळा नाही, सहल नाही, गायनाचा वर्ग नाही, कार्यक्रमाचे फोटो काढणेही नाही. तिसरी गोष्ट, दोन जाणत्या माणसांनी चर्चच्या आवारात त्याच्याबरोबर राहावे आणि आठवड्याला एकदा त्याची भेट घ्यावी. त्याचा मोबाइल त्यांना केव्हाही पाहता यावा. हे सर्व लेखी असावे. आणि चौथी गोष्ट, नव्या अपराधाची शंका जरी आली तरी प्रकरण पंचांच्या खोलीत मिटवू नये. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. न कळवणे हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मंडळीची अब्रू राखण्यासाठी मुलाचा बळी देणे ह्याला आपल्या इतिहासात आधीच पुष्कळ जागा मिळाली आहे.

कोणी विचारील, एवढ्या अटी घातल्यावर तो येईल कशाला? ह्या प्रश्नातच परीक्षा आहे. तो जर म्हणाला, "तुम्ही मला क्षमा केली म्हणता आणि विश्वास मात्र ठेवत नाही," तर समजावे की त्याला क्षमा नको, विस्मृती हवी आहे. आणि तो जर म्हणाला, "अटी घाला, माझा माझ्यावर भरवसा नाही," तर समजावे की जक्कय झाडावरून उतरला आहे.

म्हणून त्या रविवारी, घंटा वाजण्यापूर्वी, पंचांनी दाराशी जाऊन त्याला सांगावे: "भाऊ, आत या. तुमची जागा येथे, आम्हा दोघांच्या मध्ये आहे. आजही, आणि दहा वर्षांनीही." तो बसेल, उपासना सुरू होईल. पुढे वेदीजवळ रविवारच्या शाळेची मुले गाण्यासाठी उभी राहतील. त्यांना ह्यातले काही ठाऊक नसेल, आणि ते ठाऊक होण्याची वेळ त्यांच्यावर कधीच येऊ नये म्हणून मागच्या बाकावर दोन माणसे जागी असतील.

ज्या मुलीची चित्रे आजही कोठेतरी फिरत आहेत, तिचे खरे नाव आपल्याला माहीत नाही. देवाला ते माहीत आहे. आपल्या प्रत्येक प्रार्थनेत त्या निनावी लेकरांना आधी स्थान असावे, आणि त्यांच्या मागोमाग, भीत भीत का होईना, त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही.